साठवलं भरपूर, सापडेना काही: सामुदायिक संकेतस्थळांवरच्या शोधसुविधेची पार्श्वभूमी

सदस्यांनीच मजकूर आणून टाकायचा आणि सदस्यांनीच तो वाचायचा, अशा संकेतस्थळांवर एक तक्रार हमखास ऐकू येते: "इथला शोध कामाचा नाही, गूगलवर जाऊन या स्थळाचं नाव टाकून शोधा." ही सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की नवख्यांना तोच सल्ला मदत म्हणून दिला जातो. यात चालकांचा आळस थोडाफार असेलही, पण मूळ कारण वेगळं आहे. ही स्थळं ताज्या मजकुरासाठी बांधली गेली. पहिलं पान म्हणजे आजचं लेखन, त्याखाली कालचं. पाच-दहा वर्षांचा साठा होईल आणि लोक येतील ते मुख्यतः जुनं काही शोधायला, हा विचार आराखड्यात नव्हताच.

2000 नंतरच्या काही वर्षांत अशी बरीच स्थळं पीएचपी ही संगणकभाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस (नोंदी साठवणारी प्रणाली) यांवर उभी राहिली. शोधाची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे डेटाबेसला सांगायचं, "ही अक्षरं ज्या नोंदीत कुठेही असतील त्या सगळ्या आण." नोंदी हजारभर असतील तोवर हे चालतं. लाखांत गेल्या की प्रत्येक शोधाला सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत चाळावा लागतो आणि सर्व्हर धापा टाकू लागतो.

मग मायएसक्यूएलची 'फुलटेक्स्ट' सोय, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची सूची करून शोधण्याची सोय, आली. तिच्या जुन्या रूपातले दोन नियम ज्यांनी भोगले ते विसरलेले नसतील. एक, चारपेक्षा कमी अक्षरांचे शब्द मुळात नोंदवलेच जात नसत. दोन, निम्म्या किंवा त्याहून जास्त नोंदींत येणारा शब्द निरुपयोगी समजून सोडून दिला जाई. म्हणजे छायाचित्रणाच्या स्थळावर 'कॅमेरा' शोधावं तर उत्तर शून्य, कारण तो शब्द सगळीकडे! नवीन स्थळ तपासायला एक-दोन नोंदी टाकून पाहणाऱ्यालाही काहीच सापडत नसे.

नियम विचित्र वाटला तरी त्यामागची कल्पना पक्की होती. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ केरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडलं होतं की जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो त्याला शोधात जास्त वजन द्यावं, सर्रास येणाऱ्याला कमी. त्याआधीपासून जेरार्ड सॉल्टन आणि त्यांचे सहकारी 'स्मार्ट' नावाच्या प्रणालीवर मजकूर-शोधाचे प्रयोग करत होते. पुढे लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन यांच्या गटाने 'ओकापी' प्रणालीत 1994 च्या सुमारास निकालांचा क्रम ठरवणारं बीएम25 हे सूत्र रूढ केलं. एखादा शब्द दहाव्यांदा आला म्हणून दहापट महत्त्व द्यायचं नाही, आणि मजकूर लांबलचक आहे म्हणून त्याला आपोआप वरचं स्थान द्यायचं नाही, हा त्याचा गाभा. शेकडो प्रतिसादांचं एखादं लांबण आणि चार ओळींची नेमकी टीप शेजारी शेजारी नांदतात अशा ठिकाणी याचं मोल लगेच कळतं.

हे ज्ञान विद्यापीठांतून स्थळचालकांच्या हाती पडलं ते मुक्त स्रोत, म्हणजे कोणीही फुकट वापरावं आणि बदलावं अशा, सॉफ्टवेअरमुळे. डग कटिंग यांनी 1999 मध्ये लिहिलेलं 'ल्यूसीन' हे शोधाचं सॉफ्टवेअर खुलं केलं, 2001 मध्ये ते अपाची संस्थेकडे आलं. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची हे त्याचं मर्म: शब्द दिला की तो कुठेकुठे आहे ते थेट हजर, सगळं चाळत बसायला नको. त्यावरच 'सोलर' उभं राहिलं आणि 2010 मध्ये शाय बॅनन यांचं 'इलॅस्टिकसर्च'. त्याची मुळं बॅनन यांनी बायकोच्या पाककृती शोधण्यासाठी सुरू केलेल्या खटाटोपात आहेत. गंमत म्हणजे ल्यूसीनने बीएम25 हे आपोआप लागू होणारं सूत्र म्हणून स्वीकारलं ते 2016 च्या सहाव्या आवृत्तीत.

मोठ्यांनाही यातून सुटका नव्हती. विकिपीडियाच्या सुरुवातीच्या काळात ताण वाढला की स्वतःचा शोध बंद ठेवून वाचकाला बाहेरच्या शोधयंत्राचा रस्ता दाखवला जाई. रेडिट या चर्चास्थळाने 2010 मध्ये 'इंडेक्सटँक' ही बाहेरची शोधसेवा घेतली. ती कंपनी विकली गेली आणि सेवा गुंडाळली जाणार म्हटल्यावर 2012 मध्ये दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. स्थळ 2005 चं, पण प्रतिसादांतला मजकूर शोधण्याची सोय मिळाली 2022 मध्ये.

दरम्यान लोकांच्या अपेक्षा गूगलने ठरवून टाकल्या होत्या. तुलना मात्र अन्यायाची आहे. गूगलच्या 1998 च्या पेजरँक या क्रम ठरवणाऱ्या पद्धतीची ताकद दुव्यांत होती: कोण कोणाकडे बोट दाखवतं, त्यावरून वजन. एका स्थळाच्या आत असे दुवे फारसे नसतात. म्हणून मतं, वाचनसंख्या, प्रतिसाद यांवर भिस्त ठेवली गेली, आणि त्यातून नवा घोळ झाला: जुन्या लेखांनी वर्षानुवर्षं मतं गोळा केलेली, कालचा उत्तम लेख तळाशी. वयानुसार वजन उतरवावं तर जुनं सोनं बुडतं. बाहेरच्या शोधयंत्रावर सगळं सोपवावं तर सदस्यांपुरता मजकूर त्याला दिसत नाही आणि काढून टाकलेलं लेखन काही काळ निकालांत रेंगाळतं.

2003 मध्ये डिलिशस (आवडते दुवे जपायचं स्थळ) आणि 2004 मध्ये फ्लिकर (छायाचित्रांचं स्थळ) आल्यावर टॅगची, म्हणजे सदस्यांनी स्वतः लावलेल्या खूणशब्दांची, लाट आली. चित्राला शब्द कुठून आणायचे, हा प्रश्न त्याने खरोखर सोडवला. पण एकाच गोष्टीला दहा जण दहा टॅग लावतात, आणि अकरावा लावतच नाही.

भाषेचा पदर तर वेगळाच. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटण्याची मार्टिन पोर्टर यांची पद्धत 1980 ची. मराठीत शब्द नुसता प्रत्यय घेत नाही, रूपही पालटतो. 'घर' शोधलं तर 'घरात' सापडायला हवं; जुन्या अक्षरं-चाळ पद्धतीत ते सापडायचंही, सोबत 'घरंगळत' यायचं इतकंच. पूर्ण शब्दांची सूची आली आणि 'घरात' हातचं गेलं! 'पाऊस' आणि 'पावसात' यांची गाठ तर दोन्ही पद्धतींत पडत नाही. मजकुराचे शब्द वेगळे करणाऱ्या काही जुन्या शब्दतोडणीत काना, वेलांटी 'अक्षर नव्हे' म्हणून शब्दाचेच तुकडे पडत. भरीला, 'वाऱ्यावर' मधला 'ऱ्य' युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या संकेतमालिकेत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. लिखाण साठवताना आणि शोधताना दोन्ही एका रूपात आणले नाहीत तर शोधणाऱ्याला कारणही कळत नाही.

अलीकडचा टप्पा अर्थावरून शोधण्याचा. शब्दांचा अर्थ आकड्यांत पकडणारी 2013 चं वर्ड2व्हेक आणि 2018 चं बर्ट ही प्रारूपं, आणि 2021 च्या अखेरीस ल्यूसीन 9 मध्ये आलेला सदिश-शोध, म्हणजे त्या आकड्यांच्या मालिकांतली जवळीक पाहून शोधणं. 'झोप येत नाही' असं टाकलं की 'निद्रानाश' वरचा लेख यावा, हे आता जमतं. पण नेमकं टोपणनाव, त्रुटीचा क्रमांक किंवा लेखाचं शीर्षक शोधणाऱ्याला हा प्रकार भलतंच 'जवळपासचं' काहीतरी आणून देतो. म्हणून बहुतेक ठिकाणी शब्दसूची आणि सदिश एकत्र चालवतात, आणि कोणाचा शब्द किती चालावा हे त्या त्या स्थळाच्या शोधनोंदी पाहून ठरवावं लागतं. त्यातही शून्य निकाल मिळालेल्या शोधांची यादी आधी पाहावी. ती काढायला नवं यंत्र लागत नाही, आणि शुद्धलेखनाचे फरक, न लावलेले टॅग, दुहेरी 'ऱ्य' हे सगळं तिथे उघडं पडतं.