पिवळाधमक गूळ आणि चिमूटभर चुना

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, मिसळ खातो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि जाताना गूळ घेतो, तोही दुकानातला सगळ्यात पिवळा बघून. इथंच गंडतो. आपल्या गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते काय नुसत्या रंगासाठी नाही.

थंडीत आलात तर सरळ एखाद्या गुऱ्हाळावर जा. खाली चुलवाणात चिपाडं जळतायत, वर काहिलीत रस उकळतोय, त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी ओततात. त्या चिकटपणात रसातले बारीक कण आणि प्रोटीन अडकून मळी वर येते, ती काढून टाकतात. आणि मग येतो चुना, माझा आवडता भाग.

उसाच्या रसात मुख्यतः सुक्रोज असतं, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकाला जोडलेले. रस मुळात आंबटसर, पीएच साधारण ५ ते ५.५, आणि आम्ल अधिक उष्णता मिळाली की हा जोड पाण्याच्या रेणूने तुटतो, याला इन्व्हर्जन म्हणतात. तुटलेली साखर कणी धरत नाही, उलट सुक्रोजचे कण एकत्र यायच्या आड येते, शिवाय फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं, म्हणून असा गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो. चुना आम्ल मारतो, इन्व्हर्जन मंदावतं, गूळ कडक आणि रवाळ होतो. पण चुना जास्त झाला तर रस अल्कलीकडे झुकतो, मग ग्लुकोज-फ्रुक्टोजच मोडून गडद रंगाची संयुगं बनतात आणि गूळ काळा पडतो. ऊस तोडून दोन-चार दिवस पडला असेल तर इन्व्हर्जन शेतातच सुरू झालेलं असतं, तिथं चुना तरी काय करणार! पाणी उडत जातं तसा उकळबिंदू चढत ११८ अंशांच्या आसपास पोचतो, पण गुळव्या थर्मामीटर बघत नाही, थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि गोळी वळते का बघतो.

मग पिवळाधमक रंग येतो कुठनं? बऱ्याचदा हायड्रॉस पावडरीतनं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते रंगद्रव्यांना इलेक्ट्रॉन देऊन फिकं करतं, पण हवेतल्या ऑक्सिजनने रंग हळूहळू परत येतो, म्हणून घरी नेलेला पिवळा गूळ महिन्या-दोन महिन्यात काळवंडतो. या पावडरीमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो, तो ७० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ७० भाग) जास्त नको असा नियम आहे, डोळ्यांना ते कसं कळणार.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी, केमिकल-फ्री गूळवाली. अहो चुना पण केमिकलच आहे की! आणि व्हॉट्सॅपवर फिरतं तसं 'गूळ शुगरवाल्यांना चालतो' हे तर साफ खोटं, त्यात बहुतेक सुक्रोजच आहे, थोडं लोह-बिह असलं तरी रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच.

गुऱ्हाळावर गेलात तर काकवी मागून घ्या. १०५-१०६ अंशांना उतरवलेला पाक. तिथं बरोब्बर उलटा खेळ असतो, साखरेचे खडे होऊ नयेत म्हणून मुद्दाम लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड घालून इन्व्हर्जन घडवतात. गरम चपाती, वर तूप, आणि ही काकवी.