गाउया राष्ट्रीय उद्यान

गाउया राष्ट्रीय उद्यान हे लाटव्हियातील सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान. स्थापना 14 सप्टेंबर 1973. क्षेत्रफळ सुमारे 918 चौ. किमी. राजधानी रीगाच्या ईशान्येस, विदझेमे प्रदेशात, गाउया नदीच्या दोन्ही तीरांवर ते पसरले आहे. सिगुल्दा, लीगत्ने आणि त्सेसिस ही त्यातली मुख्य गावे. रीगाहून सिगुल्दा सुमारे 50 किमी असून आगगाडीने तासा-सव्वातासात पोहोचता येते. हा लोहमार्ग 1889 पासून चालू आहे.

गाउया 452 किमी लांबीची. दाउगावा ही देशातली मोठी नदी रशिया आणि बेलारूसमधून येते. गाउया मात्र विदझेमेच्या उंचवट्यावर उगम पावते आणि जवळजवळ सगळा प्रवास लाटव्हियातच करून रीगाच्या आखाताला मिळते. लाटव्हियन माणसाचा या नदीवर वेगळाच जीव आहे, त्याचे हे एक कारण असावे.

सिगुल्दाच्या परिसराला जुन्या काळापासून ‘विदझेमेचे स्वित्झर्लंड’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण येथे पर्वत नाहीत. देशातला सर्वांत उंच डोंगरच 312 मीटरचा. सभोवती सपाट शेते आणि जंगल दिसते. त्यातून चालत जावे आणि पायांपुढची जमीन एकाएकी खाली जावी, अशी ही दरी आहे. सिगुल्दापाशी तिची खोली सुमारे 85 मीटर भरते. आपल्याकडे गड पाहायचा तर चढावे लागते. इथे गड सपाटीच्या कडेलाच आहेत, आणि निसर्ग पाहायला उतरावे लागते.

वालुकाश्म

दरीचे सारे रूप एका दगडावर अवलंबून आहे. हा डेव्होनियन काळातला, 35 कोटी वर्षांहूनही जुना वालुकाश्म. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्यांनी तो कापत नेला आणि नदीच्या काठाने पिवळे, तांबूस, कुठे पांढरेशुभ्र कडे उघडे पडले. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्याला हा दगड चकित करतो. कड्याला तळहात टेकवून उचलला की हाताला बारीक वाळू चिकटून येते. नखानेही ओरखडा उठतो, म्हणून तसे करायला मनाई आहे. त्सेसिसजवळच्या एर्ग्ल्यू कड्याची उंची सुमारे 22 मीटर आणि लांबी सुमारे 700 मीटर. उपनदी आमाताच्या काठचा झ्वार्तेचा सुळका लहान, पण लाल दगडाखालून वाहणारे पाणी बघत तिथे तासभर सहज जातो.

दगड मऊ असल्यामुळे झऱ्यांनी त्यात गुहा कोरल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध सिगुल्दाजवळची गूटमान गुहा. ती सुमारे 19 मीटर खोल, 12 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच आहे. आतून थंडगार झरा वाहतो. त्याच्या पाण्याने एक भला माणूस (जर्मनमध्ये ‘गूटर मान’) आजाऱ्यांना बरे करीत असे, अशी आख्यायिका आहे आणि त्यावरूनच गुहेचे नाव पडले. भिंती नावांनी, सालांनी आणि सरदार घराण्यांच्या मानचिन्हांनी भरून गेल्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी अक्षरे सतराव्या शतकातली आहेत. वास्तूवर नाव कोरणाऱ्यांचा एरवी राग येतो. इथली साडेतीनशे वर्षांपूर्वीची सुबक, खोल अक्षरे वाचताना मात्र माणूस थबकतो. आता कोरण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

तुराइदाची माइया

याच गुहेशी ‘तुराइदाचे गुलाब’ ही कथा जोडलेली आहे. 1601 च्या लढाईनंतर तुराइदा किल्ल्याच्या कारकुनाला मेलेल्या आईच्या कुशीत एक जिवंत मुलगी सापडली. त्याने तिला वाढवले, माइया नाव ठेवले. पलीकडच्या सिगुल्दा किल्ल्याचा माळी व्हिक्टर हाइल याच्याशी तिचे लग्न ठरले, आणि दोघे गुहेपाशी भेटत. 1620 च्या ऑगस्टमध्ये फौजेतून पळालेल्या यकुबोव्स्की नावाच्या पोलिश शिपायाने खोटा निरोप धाडून तिला तिथे बोलावले. सुटका नाही हे पाहून ती त्याला म्हणाली, माझ्या गळ्यातला रुमाल मंतरलेला आहे, त्यावर तलवार चालत नाही. मला सोड, रुमाल तुला देते, हवे तर माझ्यावरच वार करून पाहा. त्याने वार केला. आळ आधी हाइलवरच आला होता. शिपायाच्या साथीदाराने साक्ष दिल्यामुळे तो सुटला. एकोणिसाव्या शतकात या खटल्याचे कागद प्रसिद्ध झाले, त्यामुळे कथेला निव्वळ दंतकथा म्हणता येत नाही. तुराइदाच्या टेकडीवर लिंडेन वृक्षाखाली माइयाची समाधी आहे. नवपरिणीत जोडपी तिथे फुले वाहतात.

किल्ला त्याहून पुष्कळ जुना. दरीच्या या बाजूला लीव लोकांची वस्ती होती. त्यांची भाषा लाटव्हियनपेक्षा फिनिश आणि एस्टोनियनला जवळची. लीव सरदार काउपोच्या लाकडी कोटाच्या जागी 1214 मध्ये रीगाच्या बिशपने तुराइदाचा लाल विटांचा किल्ला उभारायला घेतला. समोरच्या तीरावरचे सिगुल्दा मात्र ‘तलवारबंधू’ या धर्मयोद्ध्यांच्या संघाचे. बिशप आणि योद्धे यांचे एकमेकांशी फारसे पटत नसे, आणि मधून नदी वाहत होती. तुराइदा 1776 च्या आगीत बेचिराख झाला. आज दिसतो तो बराचसा विसाव्या शतकातील पुनर्बांधणीचा आहे. शेजारच्या दाइना टेकडीवर लोकगीतांवरची दगडी शिल्पे आहेत. दाइना म्हणजे बहुधा चार ओळींचे गीत, कर्ता अज्ञात, गाणाऱ्या बहुतेक बाया. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. क्रिश्यानिस बारोन्स यांनी अशा दोन लाखांहून अधिक रचना संकलित केल्या.

उन्हाळ्यातला दिवस

सिगुल्दा प्रसिद्ध आहे ते शरद ऋतूतल्या सोनेरी पानांसाठी. तरीही दरी नीट कळते ती जून-जुलैमध्ये, कारण दिवस संपतच नाही. जूनच्या अखेरीस सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. सकाळी सिगुल्दाहून रोपवेने दरी ओलांडावी: 1969 सालची ही तारगाडी 1020 मीटर लांब असून नदीच्या सुमारे 40 मीटर वरून जाते. पलीकडे क्रिमुल्दाहून पायवाटेने खाली उतरून गुहा, मग चढून तुराइदा. गावात रंगीत हातकाठ्या विकायला असतात. ती सिगुल्दाची खूण आहे आणि उतारावर खरोखर कामाला येते.

वाट पाइन, स्प्रूस, बर्च आणि ओकच्या रानातून जाते. उद्यानात सुमारे 900 जातींच्या वनस्पती, 149 जातींचे पक्षी आणि 48 जातींचे सस्तन प्राणी नोंदले गेले आहेत. जुलैत झाडांखाली ब्लूबेरी पिकते, पाऊस झाला की पिवळी गाइलेने अळंबी उगवते, आणि घरेच्या घरे बादल्या घेऊन रानात शिरतात. गवतातून चालताना अंगभर कपडे हवेत, घरी गेल्यावर अंग तपासायला हवे: इथल्या गोचिडांपासून मेंदूज्वर होऊ शकतो आणि त्याविरुद्ध लस घेण्याचा सल्ला दिला जातो.

लीगत्ने हे कागद गिरणीचे गाव. गिरणी 1815 ची. तेथील ‘तर’, म्हणजे नदी ओलांडण्याचा तराफा, आवर्जून पाहावी अशी आहे. दोन होड्यांवर लाकडी फळ्यांचा तक्ता, आणि काठापासून काठापर्यंत ताणलेला दोर. इंजिन नाही, वल्हे नाही. नावाडी तक्ता प्रवाहाशी तिरपा धरतो आणि नदीचाच रेटा माणसांना, मोटारीलाही, पलीकडे नेतो. बाल्टिक देशांत अशी तर आता दुसरी उरलेली नाही. याच गावात एका आरोग्यधामाखाली, जमिनीच्या 9 मीटर खाली, सोव्हिएत राजवटीने अणुयुद्धाच्या भीतीने बांधलेला गुप्त बंकर आहे. त्याचे अस्तित्व 2003 पर्यंत जाहीर नव्हते.

होडीतून जायचे तर लीगत्ने ते सिगुल्दा हा पल्ला एका दिवसात होतो. पाणी संथ दिसते, पण तळची वाळू सतत सरकते आणि ओढ जबर असते. पोहणाऱ्यांनी ते विसरू नये. धीर धरला तर काठच्या बिळांपाशी खंड्या दिसतो.

23 जूनच्या लीगो रात्री काठाकाठावर शेकोट्या पेटतात. बायका फुलांचे आणि पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, ओव्यासारखे दिसणारे दाणे घातलेले चीज आणि बिअर फिरते (चीजमधले दाणे खरे तर शहाजिऱ्याचे), आणि गाणी सूर्योदयापर्यंत चालतात. लाटव्हियन ही संस्कृतच्याच दूरच्या कुळातली भाषा: आगीला ‘उगुन्स’, धुराला ‘दूमी’, देवाला ‘दियेव्स’. मध्यरात्रीनंतर गाउयावरून जे पांढरे धुके वर येते आणि कड्यांच्या पायथ्याशी थांबते, त्याला तिथे ‘मिग्ला’ म्हणतात. आपला ‘मेघ’ त्याच मुळाचा.