पित्ताशय काढल्यानंतरही मळमळ का राहते : पार्श्वभूमी

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ च्या जुलैत बर्लिनमध्ये झाली. रुग्ण ४३ वर्षांचा होता आणि सोळा वर्षे पोटदुखीने हैराण झाला होता. खडे नुसते उपसून भागत नाही, ते जिथे तयार होतात तो अवयवच काढला पाहिजे, असे त्या शल्यविशारदाचे म्हणणे होते. पुढची शंभर वर्षे हीच रीत चालली. उजव्या बरगडीखाली वीतभर छेद, आठवडाभर रुग्णालयात मुक्काम आणि त्यानंतर कित्येक दिवस घरी विश्रांती. एवढे सोसायचे म्हटल्यावर माणूस अगदी नाइलाज झाल्याशिवाय ऑपरेशनला तयार होत नसे.

दुर्बीण आली आणि हे बदलले. १९८५ साली जर्मनीत, १९८७ साली फ्रान्समध्ये आणि १९९० साली मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले गेले. तिथून हे तंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी पसरले. आज नाशकात गंगापूर रोड, शरणपूर रोड, मुंबई नाका या पट्ट्यात हे रोजचे ऑपरेशन आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरीचा रुग्ण सकाळी दाखल होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चार छोट्या टाक्यांसह घरी जातो. ज्यांना खरोखर पित्ताशयाच्या कळा येत होत्या, त्यांच्यासाठी हे वरदानच ठरले.

पण सोपे झाले की जास्त होते. अमेरिकेतल्या एका राज्यात याचा हिशेब मांडला गेला होता. १९८७-८९ या काळाशी तुलना करता १९९२ पर्यंत तिथे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढले. दर शस्त्रक्रियेमागे मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी झाला, तरी एकूण मृत्यूंचा आकडा होता तिथेच राहिला. ऑपरेशन सुरक्षित झाले, पण ते जास्त लोकांवर होऊ लागल्याने तो फायदा बेरजेत दिसला नाही. त्या चार-पाच वर्षांत लोकांच्या पोटातले खडे काही वाढले नव्हते. पूर्वी ज्यांना डॉक्टर "बघू पुढे" म्हणत, त्यांनाही आता तारीख मिळू लागली होती.

ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने मळमळ, अपचन, पोट फुगणे या तक्रारी घेऊन जे लोक पुन्हा दवाखान्यात येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची गोष्ट इथे सुरू होते. ऑपरेशनच्या टेबलावर काय झाले यापेक्षा ऑपरेशन कशासाठी ठरले, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

वाद जुना आहे. निरुपद्रवी खडा असे काही नसतेच, असे अमेरिकेतल्या एका नामवंत शल्यविशारदाने १९११ साली लिहिले आणि दोन-तीन पिढ्यांनी ते प्रमाण मानले. त्याला मोठा छेद गेला तो १९८२ साली. एका विद्यापीठातल्या १२३ जणांच्या पोटात काही त्रास नसताना तपासणीत खडे आढळले होते. त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर असे दिसले की पाच वर्षांत सुमारे १० टक्के आणि पंधरा वर्षांत सुमारे १८ टक्के लोकांनाच खड्यांमुळे दुखणे सुरू झाले. उरलेल्यांचे खडे मुकाट पडून राहिले. १९९२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका बैठकीने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला पसंती देतानाच सांगितले होते की त्रास नसलेल्या बहुतेकांना उपचाराची गरज नाही. यातला पहिला अर्धा भाग जगभर पोचला. दुसऱ्याकडे तेवढे लक्ष गेले नाही.

आपल्याकडे त्यात सोनोग्राफीची भर पडली. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली वार्षिक तपासणी, चाळिशीनंतरची आरोग्य पॅकेजेस, गरोदरपणातली सोनोग्राफी किंवा मूतखड्यासाठी केलेली तपासणी, यांतून पित्ताशयातले खडे सहज सापडतात. अहवालात तशी एक ओळ छापून आली की घरात काळजी सुरू होते. मग कॅन्सरची भीती निघते. पित्ताशयाचा कॅन्सर हा उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येकडे खरोखर मोठा प्रश्न आहे, त्यामुळे तिथले काही शल्यविशारद मुके खडेही काढावेत असे म्हणतात. महाराष्ट्रात हा कॅन्सर त्या मानाने खूप कमी आढळतो. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब), चुना साचलेली पित्ताशयाची भिंत, अशी कारणे असतील तर गोष्ट वेगळी. ती नसताना तिकडची भीती इथल्या माणसाच्या मनात घालून ऑपरेशन ठरवणे मला पटत नाही.

तरीही मुक्या खड्यांचा निर्णय तुलनेने सोपा आहे. अवघड आहेत ती मधली माणसे. खडे आहेत, त्रासही आहे, पण त्रास खड्यांचाच आहे का, हे नक्की नाही. पित्ताशयाची खरी कळ ओळखता येते. बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली जोराचे दुखणे उठते, निदान पंधरा-वीस मिनिटे ते काही तास टिकते, पाठीत किंवा खांद्याच्या फऱ्यात जाते, माणसाला एका जागी बसू देत नाही आणि मग पूर्ण ओसरते. याउलट रोजची मळमळ, करपट ढेकर, जेवल्यावर पोट जड होणे, गॅस, छातीत जळजळ या तक्रारी खडे नसलेल्यांमध्येही तितक्याच सर्रास असतात. जठराची सूज, आम्ल वर येणे, आतड्याची चिडचिड, मधुमेहात मंदावलेले जठर, चालू असलेल्या गोळ्या, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. पित्ताशय काढून त्यातले काहीच बरे होत नाही.

नेदरलँड्समधल्या २४ रुग्णालयांनी १,०६७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. खडे आणि पोटदुखी दोन्ही असलेले हे रुग्ण होते. एका गटात नेहमीप्रमाणे डॉक्टरांनी ठरवले, तर दुसऱ्या गटात खऱ्या कळेची लक्षणे काटेकोर जुळली तरच ऑपरेशन सुचवायचे होते. नेहमीच्या गटात ७५ टक्के आणि काटेकोर गटात ६८ टक्के लोकांचे ऑपरेशन झाले. वर्षभराने दुखण्यातून पूर्ण सुटलेले लोक होते अनुक्रमे ६० आणि ५६ टक्के. म्हणजे कोणत्याही वाटेने गेले तरी दहातल्या चार जणांचे पोट दुखतच होते. अभ्यास दुखण्याचा होता, मळमळीचा नव्हता. पण दुखण्याची ही गत असेल, तर ज्यांची मूळ तक्रारच मळमळ आणि गॅस होती त्यांना ऑपरेशनकडून किती आशा लावायची, हे वेगळे सांगायला नको.

ऑपरेशन संपल्यावर थिएटरच्या दाराशी नातेवाइकांना बोलावतात. स्टीलच्या ट्रेमध्ये कापलेले पित्ताशय असते आणि शेजारी गॉजवर खडे. कधी हरभऱ्याएवढे दोन-तीन, कधी बारीक चुरा. कोणी मोबाइलवर फोटो काढतो, कोणी छोट्या बाटलीतून ते घरीही नेतो. त्या क्षणी सगळ्यांची खात्री पटते की दुखण्याचे मूळ हाती लागले. पुढे दोन महिन्यांनी ऑपरेशन झालेली बाई सकाळी उठल्यावर उमासे येतात म्हणते, तेव्हा घरातले म्हणतात, "आता कसली मळमळ, पिशवी तर काढली ना?" असा त्रास सांगणाऱ्यांमध्ये बायका जास्त असतात आणि नखरे करते हा शिक्का त्यांच्यावरच आधी बसतो. त्यांचा त्रास खरा असतो. बऱ्याचदा तो आधीपासूनच होता आणि खड्यांवर त्याचे खापर फोडले गेले होते, एवढेच.

ऑपरेशनमुळेच होणारी मळमळ मात्र निराळी आणि तिची मुदत थोडी. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, भूल असते, वेदनाशामक औषधे असतात. गॅस उरल्याने खांदाही दुखतो. १९९९ साली भुलेनंतरच्या उलट्यांचा अंदाज बांधायला चार साध्या गोष्टी पुढे आल्या : रुग्ण स्त्री असणे, सिगारेट न ओढणे, पूर्वी भुलेनंतर उलट्या झालेल्या असणे किंवा प्रवासात गाडी लागणे, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागणे. यातली एकही नसेल तर धोका सुमारे १० टक्के, दोन असतील तर ४०, चारही असतील तर ८० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या खात्यात दोन गोष्टी आधीच जमा असतात. त्यात कसारा घाटात गाडी लागत असेल तर तिसरी. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटायला येतात तेव्हा ही घाटाची गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी. ऑन्डानसेट्रॉन, डेक्सामेथासोन अशी औषधे वेळेवर दिली तर उलट्या बऱ्याच टळतात.

ही मळमळ एक-दोन दिवसांत उतरायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती वाढत गेली, सोबत ताप आला, पोट फुगून दुखू लागले, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर पित्त पोटात गळत असण्याची किंवा नलिकेला इजा झाल्याची शंका घेतली पाहिजे. असे क्वचितच होते, पण झाले तर घरी ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघायची नसते. त्याच दिवशी, ऑपरेशन जिथे झाले तिथे परत जायचे. मुख्य नलिकेत राहून गेलेला खडा तर कित्येक महिन्यांनीही कावीळ घेऊन वर येतो.

तिसरा प्रकार पित्ताचाच. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशय त्यातले ३० ते ५० मिलिलिटर दाट करून साठवते आणि जेवणाच्या वेळी सोडते. ते गेल्यावर पित्त दिवसभर थेंबथेंब आतड्यात उतरत राहते. बहुतेकांचे शरीर काही आठवड्यांत याला सरावते. काहींच्या जठरात मात्र पित्त उलटे चढते आणि मग सकाळी रिकाम्या पोटी कडू पाणी, मळमळ, जळजळ होते. निरंकार एकादशी किंवा नवरात्राचे कडक उपास करणाऱ्यांना हे लवकर जाणवते. दिवसभर पोट रिकामे आणि संध्याकाळी एकदम तुपातली, शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी, हा बेत पहिले काही महिने टाळलेला बरा. नाशकातली रविवारची मिसळ, वर तरंगणारी लाल तर्री, दोन पाव आणि नंतर जिलेबी, हेही तसेच. थोडे थोडे, वेळच्या वेळी खाल्ले की बऱ्याच जणांचे भागते. डिस्चार्ज कार्डावर "तेलकट-तुपकट वर्ज्य" एवढेच लिहिलेले असते, किती दिवस ते लिहीत नाहीत. मग माणसे दहा वर्षांनीही भाजीत तेल घालायला घाबरतात. जन्मभराच्या अशा पथ्याला काही आधार नाही.

जास्तीचे पित्त मोठ्या आतड्यात पोचले की जुलाब होतात. जेवण झाले की लगेच पळायला लागणे, पाण्यासारखी शौच, ही त्याची खूण. याचे नाव वर्षानुवर्षे आयबीएस, म्हणजे आतड्याची चिडचिड, असे ठरते. पित्तातली आम्ले बांधून ठेवणारी कोलेस्टायरामिन नावाची पूड पाण्यात कालवून घेतली की अनेकांना चांगलाच फरक पडतो. थायरॉइडसारख्या इतर गोळ्या मात्र तिच्याबरोबर घ्यायच्या नाहीत. त्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्या लागतात. हा उपाय जुना आहे, तरी तो सुचवला जाईपर्यंत रुग्ण तीन-चार डॉक्टर फिरून झालेला असतो.

१९४७ सालापासून या साऱ्या तक्रारी एकाच सिंड्रोमच्या नावाखाली घातल्या गेल्या. आधीचा आजार, राहिलेला खडा, गळणारे पित्त, सगळे एका पिशवीत. त्यातून पुढे एक महागडी चूक झाली. ऑपरेशननंतरही दुखत असेल तर पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू आखडला असावा, असे धरून तो एन्डोस्कोपीतून कापण्याची प्रथा पडली. २०१४ साली अमेरिकेतल्या सात रुग्णालयांनी २१४ रुग्णांवर हे पडताळले. नलिकेत वावगे काही दिसत नसलेले हे रुग्ण होते. स्नायू कापलेल्यांपैकी २३ टक्के बरे झाले, आणि कापल्याचे फक्त भासवले त्यांच्यापैकी ३७ टक्के. ही प्रक्रिया निरुपद्रवीही नाही, तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आजही कोणी ती सुचवली तर कावीळ, फुगलेली नलिका किंवा एमआरसीपीत (पित्तनलिकेच्या एमआरआय तपासणीत) दिसणारा खडा यांपैकी काही आहे का, हे आधी विचारावे.

अलीकडे यात वजन उतरवण्याच्या आणि मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनांची भर पडली आहे. मळमळ हा त्यांचा सगळ्यात नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि पित्ताशयाचे आजारही त्यांच्याबरोबर वाढतात. २०२२ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने तशी सूचना त्यांच्या माहितीपत्रकात घालायला लावली. वजन झपाट्याने उतरले की एरवीही खडे होतात. म्हणजे एकाच इंजेक्शनने आधी खडे, मग ऑपरेशन आणि ऑपरेशननंतरही तीच मळमळ, असे होऊ शकते. इंजेक्शन एका डॉक्टरने दिलेले, ऑपरेशन दुसऱ्याने केलेले आणि मळमळ तिसऱ्याला सांगितलेली, असे असेल तर हा धागा कोणाच्याच हाती लागत नाही. म्हणून तपासणीला जाताना आठवड्याचे इंजेक्शन धरून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि ऑपरेशनपूर्वीचा सोनोग्राफीचा अहवाल सोबत न्यावा, आणि ऑपरेशनच्या आधी नेमका काय त्रास होता, हे पहिल्यांदा सांगावे.