राबाच्या धुरापासून वाशीच्या मार्केटपर्यंत

राबावरून ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं इंग्रज सरकारशी वाजलं होतं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. भाताच्या रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या रचायच्या, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात जाळायचं, हा राब. तणाचं बी मरतं, राखेवर रोपं जोमदार येतात. फांद्या तोडण्यावर जंगल खात्याने बंधनं घातली, ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत तक्रारी वाढल्या आणि १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. तेव्हा भांडण जंगलाचं होतं. हवेचा विचार करण्याचं कुणाला कारणच नव्हतं.

आज जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश अन्नव्यवस्थेतून येतात असं मानलं जातं. भारताच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यात निम्म्याहून अधिक भाग गुरांच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा, त्यानंतर खत घातलेल्या जमिनी आणि भातशेती. खाचरात पाणी तुंबून राहिलं की चिखलात हवा पोचत नाही आणि हवेविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो.

खताची गोष्ट तर आपल्या नवी मुंबईच्या खाडीपलीकडचीच. खतासाठी हवेतला नायट्रोजन बांधण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ साली जर्मनीत कारखान्यात उतरली. ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. आधी नाफ्ता, पुढे नैसर्गिक वायू हा त्याचा कच्चा माल. या खताने देशाची भूक भागवली, ते ऋण मानायलाच हवं. पण शेतात वरून फेकलेल्या युरियातला बराचसा भाग पिकाच्या तोंडी पडत नाही. काही पाण्याबरोबर वाहून जातो, तर थोडा नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा.

यावर महाराष्ट्रातच तयार झालेला एक उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो: कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भात लागवड. रोपवाटिकेत राबाऐवजी भाताच्या तुसाची काळी राख. चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला. दर ठिकाणी दोन-तीनच रोपं, १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून-पालटून अंतर. आणि लावणीच्याच दिवशी प्रत्येक चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या) मधोमध युरिया आणि डीएपी या खतांची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. खत मुळाशी राहतं, पावसात वाहून जात नाही, कमी लागतं. अडचण मजुरांची आहे. एक-एक गोळी हाताने खोचायला माणसं लागतात, आणि मुरबाड-शहापूरची तरुण मंडळी गोदामांत नि कंपन्यांत जातात.

पाण्याचं मात्र पावसाळ्यात फारसं काही हातात नसतं. भातसा धरणाच्या कालव्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांना खाचर अधूनमधून सुकू देता येतं, मिथेन बराच घटतो. पण कालव्याचं आवर्तन वेळेवर येईल याची खात्री असेल तरच शेतकरी पाणी सोडून देण्याचं धाडस करील. सरकारने आधी ती खात्री द्यावी.

पिकलेल्या मालाचा शेवटचा टप्पा आपल्या दारात आहे. मुंबईतली गर्दी हटवण्यासाठी घाऊक बाजार खाडीअलीकडे, वाशीला आणले गेले. कांदा-बटाटा १९८१ साली, भाजी आणि फळं १९९६ मध्ये. पहाटे भाजी मार्केटमध्ये फ्लॉवरची गोणी उघडताना बघा. गड्ड्याला धक्का लागू नये म्हणून शेतकऱ्याने ठेवलेला सगळा पाला गाळ्यासमोर छाटला जातो. शेकडो किलोमीटर डिझेल जाळून आणलेला हा पाला ओल्या कचऱ्यात जातो आणि डम्पिंग ग्राउंडवर दबला की खाचरासारखाच मिथेन सोडतो. जगभरात २०२२ साली घराघरांतून, हॉटेलांतून आणि दुकानांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं.

हा मिथेन बंद टाकीत धरला तर इंधन होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने, तेही ट्रॉम्बेलाच, ओल्या कचऱ्यासाठी निसर्गऋण बायोगॅस संयंत्र विकसित केलं आहे. मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्यांनी ओला-सुका वेगळा करायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच आलं होतं. मार्केटचा कचरा बहुतांशी ओलाच आणि एकाच जागी जमणारा; सोसायट्यांच्या दारोदार फिरण्याआधी पालिकेने आणि बाजार समितीने सुरुवात इथून करावी. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे फ्लॉवर क्रेटमध्ये भरून आणणं, म्हणजे पाला बांधावरच छाटता येईल आणि गुरांच्या पुढ्यात जाईल.