ध्यान करताना डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत?

ठाण्यात उपवन तलावाकाठी सकाळी ध्यानाला बसणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डोळे मिटले की मेंदू शांत होतो." हे अर्धंच खरं आहे. खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या मेंदूतले विद्युत चढउतार पहिल्यांदा नोंदवले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. डोळे मिटले की सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणारी ठळक लहर दिसते, डोक्याच्या मागच्या भागावर सर्वांत स्पष्ट. डोळे उघडताच ती ओसरते. हीच अल्फा लहर. दृष्टिकेंद्रातल्या असंख्य चेतापेशींचे चढउतार एकाच वेळी होतात, म्हणून ती कवटीबाहेरूनही टिपता येते. भजनात सगळे टाळ एका ठेक्यात पडले की आवाज लांबवर जातो, तसंच. डोळे उघडले की पेशींच्या गटांना वेगवेगळी कामं लागतात: कोणी कडा टिपतो, कोणी रंग, कोणी हालचाल. ताल मोडतो, लहर बारीक होते. म्हणजे ठळक अल्फा असताना पेशी झोपलेल्या नसतात, फक्त एका लयीत असतात.

शिवाय सगळं पापणीवर अवलंबून नाही. मिटल्या डोळ्यांनी अवघड गुणाकार करायला घ्या, अल्फा ओसरते. उलट जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई या संशोधकांनी झेन या बौद्ध ध्यानपंथातल्या साधकांच्या मेंदूलहरींच्या नोंदी घेतल्या (१९६६), तेव्हा डोळे उघडे असूनही अल्फा उमटलेली दिसली.

म्हणूनच "अल्फा जागवा, तिसरा डोळा उघडा" अशा शिबिरांना पैसे देऊ नका. डोळे मिटून निवांत बसलं की बहुतेकांच्या मेंदूत ती फुकट उमटते. बर्गरला स्वतःला दूरसंवेदनाचा, म्हणजे मनाने मनाशी बोलण्याचा, ध्यास होता. हाती लागली ती मोजता येणारी वीज.

निवड करताना झोपेचा विचार आधी करावा. डुलकी लागताना अल्फा विरते आणि सेकंदाला ४ ते ७ वेळा वरखाली होणारी संथ थीटा लहर पुढे येते. मिटलेले डोळे ही वाट सोपी करतात. पहाटेची लोकल पकडून दमलेल्या माणसाने डोळे उघडे ठेवून नजर खाली, दोन हातांच्या अंतरावर जमिनीवर ठेवावी. समोरच्या वर्दळीने लक्ष उडत असेल तर खुशाल मिटावेत. मिटल्यावर घाबरायला होत असेल किंवा जुन्या आठवणी अंगावर येत असतील, तर मात्र उघडेच ठेवावेत आणि त्यासाठी कोणाची परवानगी घेत बसू नये.