स्पीडी

ब्रिटिश आरमारातील दोन डोलकाठ्यांची, ‘ब्रिग’ जातीची छोटी युद्धनौका. १७८२ मध्ये इंग्लंडमधील डोव्हर येथे बांधली गेली. तिच्यावर चार पौंडी गोळे फेकणाऱ्या १४ तोफा होत्या. तिचा पुढे गाजलेला कप्तान टॉमस कॉक्रन याने आठवणींत लिहिले आहे, की एका बाजूच्या सगळ्या तोफांचे गोळे खिशात घालून तो डेकवर फिरला होता. त्याची केबिन इतकी ठेंगणी होती, की दाढी करताना या उंच माणसाला छताच्या झरोक्यातून डोके बाहेर काढावे लागे. वस्तरा-साबण डेकवरच मांडलेले असत.

१७९४ मध्ये फ्रेंचांनी ती पकडली. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी परत मिळवली. १८०० मध्ये कॉक्रन तिच्यावर आला आणि स्पेनच्या किनाऱ्यावरील व्यापाराला तिचा जाच सुरू झाला. तेरा महिन्यांत तिने ५० हून अधिक जहाजे धरली. एकदा मोठ्या स्पॅनिश युद्धनौकेशी अचानक गाठ पडली, तेव्हा डॅनिश ब्रिगचे सोंग आणि प्लेगच्या संशयाचा पिवळा बावटा यांवर ती सुटली.

६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळ ‘गामो’ ही ३२ तोफांची स्पॅनिश नौका आडवी आली. गामोवर ३१९ माणसे, स्पीडीवर अवघी ५४. अमेरिकन निशाण दाखवून कॉक्रन जवळ गेला, मग ब्रिटिश निशाण चढवून थेट गामोच्या कुशीला भिडला. येथे ठेंगणेपणाच कामी आला: गामोचे गोळे स्पीडीच्या डोक्यावरून जाऊ लागले आणि स्पीडीच्या वर रोखलेल्या तोफा गामोचा डेक खालून फोडू लागल्या. पहिल्याच फैरीत स्पॅनिश कप्तान पडला. नंतर सुकाणू एकट्या डॉक्टरच्या, जेम्स गथ्रीच्या, हाती देऊन बाकी सगळे गामोवर चढले; काहींनी तोंडाला काळे फासले होते. ऐन धुमश्चक्रीत कॉक्रनने स्पॅनिश निशाण उतरवायला लावले. आपल्याच अधिकाऱ्यांनी शरणागती दिली असे समजून स्पॅनिश खलाशांनी शस्त्रे टाकली. स्पीडीचे तिघे मेले. खरे अवघड काम त्यानंतरचे होते: अडीचशेहून अधिक कैदी तळघरात कोंडून, त्यांच्यावर तोफा रोखून गामो मिनोर्का बेटावरील माओन बंदरात न्यायची होती. तेही पार पडले. मात्र आरमाराने गामो सेवेत न घेता अल्जिअर्सला विकली, याचा राग कॉक्रनच्या मनात कायम राहिला.

३ जुलै १८०१ रोजी फ्रेंच नौसेनापती लिनवा याच्या तांड्यातील तीन बड्या जहाजांनी स्पीडीला गाठले. तोफा समुद्रात फेकून भार हलका केला, तरी सुटका झाली नाही. शरण आलेल्या कॉक्रनची तलवार मात्र ‘देझे’ जहाजाच्या कप्तानाने घेतली नाही. १८०२ मध्ये नेपोलियनने स्पीडी पोप सातवा पायस याला भेट दिली.