अलिंदपटल छिद्र : कॅथेटरद्वारे बंद करण्याची उपचारपद्धत

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे उजव्या व डाव्या अलिंदांमधील पडद्याला जन्मतः राहिलेले छिद्र छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नेलेल्या कॅथेटरने उपकरण बसवून बंद करण्याची पद्धत. बोलताना तिला ‘छत्री बसवणे’ असेही म्हणतात.

या पडद्याला पटल म्हणतात. त्यावरील छिद्रांचे स्थानानुसार चार प्रकार मानतात. त्यांपैकी पटलाच्या मध्यभागी, अंडाकृती खळग्याच्या जागी असणारा ‘द्वितीयक’ किंवा सेकंडम प्रकार सर्वाधिक, सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत आढळतो आणि प्रस्तुत पद्धत मुख्यतः त्याच्यासाठीच आहे. उरलेल्या प्रकारांत छिद्राची एखादी बाजू झडपेला किंवा महानीलेच्या (शरीरातील रक्त उजव्या अलिंदात आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या) मुखाला भिडलेली असल्याने उपकरणाला तेथे धरायला जागा मिळत नाही, म्हणून त्यांत शस्त्रक्रियाच केली जाते. ऊर्ध्व, म्हणजे वरच्या महानीलेलगतच्या काही छिद्रांसाठी अलीकडे आच्छादित स्टेंट (आवरण लावलेली जाळीदार नळी) वापरला जाऊ लागला आहे, तो अपवाद.

डाव्या अलिंदातील दाब किंचित अधिक आणि उजवे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) अधिक लवचिक असल्याने शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे येते व पुन्हा फुप्फुसांत फिरते. फुप्फुसांतील रक्तप्रवाह शरीरातील प्रवाहाच्या दीडपट किंवा अधिक असेल आणि उजवी बाजू फुगलेली असेल, तर छिद्र बंद करणे इष्ट ठरते. मात्र फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढून प्रवाह उलटा झाला असल्यास ते धोक्याचे असते.

या दोषाला हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात विशेष स्थान आहे. 2 सप्टेंबर 1952 रोजी मिनेसोटा विद्यापीठात एफ. जॉन लुईस यांनी रुग्णाचे शरीर थंड करून असे छिद्र शिवले आणि 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रियाही याच दोषासाठी होती. कॅथेटरने ते बंद करण्याचा मान कोणाचा, याविषयी मात्र लेखकांत एकवाक्यता नाही. काही जण मूळ कल्पना बर्लिनच्या व्हेर्नर पोर्स्टमन यांच्याकडे नेतात. त्यांनी 1967 च्या सुमारास कॅथेटरने बूच बसवून धमनीनलिका बंद केली होती. तथापि ती हृदयाबाहेरील, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी आहे. नळीत बूच अडकून राहू शकते, पण पातळ पडद्यातील भोकात ते टिकत नाही. म्हणून पटलछिद्राच्या बाबतीत खरा प्रश्न टेरी किंग व नोएल मिल्स ही जोडी आणि विल्यम रॅशकिंड यांच्यापुरताच उरतो. रॅशकिंड यांनी 1966 मध्ये, निळसर पडलेल्या अर्भकांचे प्राण वाचवण्यासाठी, फुगा ओढून याच पटलात मुद्दाम छिद्र पाडण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. छिद्र बुजवण्याचे त्यांचे प्रयोगही सत्तरीच्या दशकातलेच. परंतु किंग व मिल्स यांनी 1974 मध्ये प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, 1975 मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार केला आणि 1976 मध्ये मानवी रुग्णांची हकिगत छापली. उपलब्ध लेखी पुरावा पाहता अग्रमान त्यांना देणेच सयुक्तिक वाटते.

दोन्ही गटांच्या उपकरणांतील फरक या श्रेयवादापेक्षा अधिक बोलका आहे. किंग-मिल्स यांच्या उपकरणात डेक्रॉन कापडाच्या दोन छत्र्या पटलाच्या दोन्ही बाजूंना उघडून एकमेकींत अडकवल्या जात. त्यासाठी लागणारी नळी 23 फ्रेंच मापाची, म्हणजे साडेसात मिलिमीटरहून जाड होती, त्यामुळे लहान मुलांत ती वापरणे अशक्यच होते. रॅशकिंड यांनी एकच चकती घेऊन तिच्या काड्यांना गळासारखे आकडे बसवले. परंतु आकडा एकदा चुकीच्या जागी रुतला की उपकरण मागे घेता येत नसे. जेम्स लॉक यांनी आकडे काढून दुहेरी, शिंपल्यासारखी मिटणारी रचना केली (1989), पण तिच्या धातूच्या काड्या मोडल्याचे आढळल्याने 1991 मध्ये तिचा वापर थांबला. निकेल व टायटॅनियम यांच्या ‘निटिनॉल’ या मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूच्या तारांची जाळी विणून कुर्ट अम्प्लात्झ यांनी तयार केलेले उपकरण 1995 च्या सुमारास प्रथम वापरले गेले आणि डिसेंबर 2001 मध्ये त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. दोन चकत्यांमधली त्याची आखूड ‘कंबर’ छिद्रात बरोबर बसते, त्यामुळे उपकरण आपोआप मध्यावर येते. हाच त्याचा निर्णायक गुण होय.

प्रत्यक्ष क्रियेत अन्ननलिकेतून किंवा हृदयाच्या आतून केलेल्या इकोवर (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीवर) लक्ष ठेवून मार्गदर्शक तार छिद्रातून डाव्या फुप्फुसनीलेत, म्हणजे फुप्फुसातून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरेत नेतात. तिच्यावरून नेलेल्या नळीच्या टोकातून डावी चकती फुलासारखी उमलते. ती पटलाला टेकेपर्यंत मागे ओढून कंबर व उजवी चकती सोडतात. यानंतर डॉक्टर उपकरण हलक्या हाताने पुढे-मागे हलवून पाहतात. ते जागचे हलले नाही तरच वाहक तारेचा आटा उलटा फिरवून ते मोकळे करतात. तोपर्यंत ते पुन्हा नळीत ओढून घेता येते.

छिद्राच्या व्यासापेक्षा त्याच्या काठाला, म्हणजे छिद्राभोवती उरलेल्या पटलाच्या पट्टीला, अधिक महत्त्व आहे. सर्वसाधारणपणे 5 मिलिमीटर काठ पुरेसा मानतात. महारोहिणीकडचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीकडचा) काठ अपुरा असणे अगदी नेहमीचे असून तेवढ्याने क्रिया अडत नाही, परंतु अधो, म्हणजे खालच्या महानीलेकडचा काठ नसेल तर उपकरण निसटण्याची भीती असते. छिद्र फुग्याने फार ताणून मोजल्यास आवश्यकतेपेक्षा मोठे उपकरण निवडले जाते. असे मोठे उपकरण आणि महारोहिणीकडचा अपुरा काठ एकत्र आले की अलिंदाची भिंत झिजून भोक पडण्याचा धोका वाढतो, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. काठाला नेमका किती दोष द्यावा, याबाबत मतभेद आहेत. हा धोका हजारी एक ते तीन इतका विरळ असला तरी प्राणघातक आहे. वृद्धांत डावे निलय ताठर असल्यास छिद्र बंद होताच फुप्फुसांत पाणी साचू शकते, म्हणून आधी फुग्याने तात्पुरते बंद करून दाब पाहतात.

2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात उपकरणाचे यश सुमारे 96 टक्के व शस्त्रक्रियेचे 100 टक्के होते, तर गुंतागुंती अनुक्रमे सुमारे 7 व 24 टक्के रुग्णांत आढळल्या. रुग्णांची वाटणी यादृच्छिक नसल्याने हे आकडे जपून वाचावेत. सुमारे एक-चतुर्थांश प्रौढांत आढळणारी पटलातील उघडी राहिलेली फट हा वेगळा विषय असून, कारण न सापडलेल्या पक्षाघातानंतर निवडक रुग्णांत ती बंद करण्यास 2017 मधील चाचण्यांनी बळ मिळाले.

उपकरणावर शरीराच्या पेशींचे अस्तर चढायला तीन ते सहा महिने लागतात. त्या काळात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसारखे औषध देतात. अलिंदाच्या भिंतीची झीज बहुधा पहिल्या काही दिवसांत होते, पण वर्षांनंतरही झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे उपकरण बसवलेल्या रुग्णाला केव्हाही अचानक छातीत दुखले, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर हृदयाभोवती रक्त साचलेले नाही ना, हे इकोने तत्काळ पाहावे लागते.